‘उद्या आठवण करा’

लॅपटॉपच्या कोपऱ्यात अधूनमधून उगवणारी ती चौकट एकदा नीट वाचून बघा. अपडेट तयार आहे, आत्ता रीस्टार्ट करायचं का? नाहीतर आज रात्री? नाहीतर ‘उद्या आठवण करा’? ‘नको’ असं बटण त्यात सहसा नसतंच. विचारल्यासारखं केलंय खरं, पण लग्न ठरलेलंच आहे, आपण फक्त मुहूर्त काढायचा. मग आपणही मुहूर्त पुढे ढकलत राहतो. आज ऑनलाइन मुलाखत आहे, उद्या असाइनमेंट द्यायची आहे, परवा मॅच आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून नातेवाईक आणि मित्रमंडळी मला विचारतात, “करू का गं अपडेट?” कामापुरतं उत्तर एका शब्दाचं आहे: कर. त्यावर कोणी ‘का?’ असं विचारलं की मात्र उत्तर लांबतं, कारण हा ‘का’ तांत्रिक नसतो. यंत्र माझ्या पैशांनी घेतलेलं आहे, माझ्या घरात आहे, नीट चाललंय. दूर कुठेतरी बसलेल्या कंपनीने त्यात बदल करायचे आणि मी ते मुकाट्याने घ्यायचे, हे कोणत्या न्यायाने? आणि नाही घेतले, तर बिघडून बिघडून माझंच काय ते बिघडेल ना?

यातला दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून आधी तो घेऊ.

बिघडलं तर कोणाचं?

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेच्या मोठ्या भागात ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट्स नीट उघडेनात. हल्ला झाला होता डाइन नावाच्या कंपनीवर. आपण वेबसाइटचं नाव टाइप केलं की तिचा पत्ता शोधून देणं हे या कंपनीचं काम. तिच्यावर एकाच वेळी इतक्या खोट्या विनंत्या येऊन आदळल्या की खऱ्यांना वाट मिळेना. या विनंत्या पाठवत होती लोकांच्या घरांतली साधीसुधी उपकरणं: इंटरनेटला जोडलेले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्यांवर तसाच होता, म्हणून ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामला ती सहज ताब्यात घेता आली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना काय त्रास झाला? जवळजवळ काहीच नाही. कॅमेरा चित्र दाखवत होता, घरात सगळं ठीक होतं. नुकसान झालं ते भलत्याच लोकांचं.

मिरायच्या वेळी प्रश्न पासवर्डचा होता. पुढच्याच वर्षी अपडेटचा आला. विंडोजच्या फायली शेअर करण्याच्या सोयीत एक फट होती. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला ती ठाऊक होती, पण स्वतःच्या वापरासाठी तिने ती लपवून ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी ती फट बुजवणारा पॅच दिला. महिन्याभराने एनएसएचं हत्यार चोरांनी इंटरनेटवर उघड केलं. आणि १२ मे रोजी, पॅच आल्यानंतर ५९ दिवसांनी, त्याच फटीतून ‘वॉनाक्राय’ शिरला. फायलींना कुलूप लावून खंडणी मागायची आणि त्याच संगणकावरून पुढचा दुरुस्त न केलेला संगणक शोधायचा, असा त्याचा खाक्या. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ ट्रस्टपैकी ८० च्या आसपास ट्रस्टना फटका बसला आणि रुग्णांच्या अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. त्या रुग्णांनी काही ‘नंतर’ म्हटलेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. पॅच येतो तेव्हा तो सगळ्या जगाला मिळतो, चोरालाही. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून काय बदललं ते बघितलं की फट कुठे होती ते कळतं. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्या धंद्यात ‘एक्स्प्लॉइट वेन्सडे’ म्हणतात. त्यामुळे ‘मी काहीच केलं नाही, होतं तसंच ठेवलं’ या वाक्याला मंगळवारी सकाळी जो अर्थ असतो तो बुधवारी उरत नाही. यंत्र तेच असतं, पण त्याचं कुलूप कसं उघडतं हे आता गावाला माहीत झालेलं असतं.

सोसायटीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या बाथरूममधून गळती आहे आणि पाणी खालच्या काकूंच्या छतातून ठिबकतंय. माझ्या घरात सगळं कोरडं. ‘माझा फ्लॅट, माझी मर्जी’ असं मला म्हणता येईल का? प्लंबरला दार उघडावंच लागतं, आणि ते काकूंसाठी उघडायचं असतं. प्लंबर मला आवडतो की नाही, हा मुद्दाच नाही.

पण प्लंबर कसा आहे?

अपडेट टाळणाऱ्यांना आमच्या क्षेत्रात आळशी किंवा अडाणी समजतात. हा अन्याय आहे. टाळणाऱ्यांकडे कारणं आहेत आणि ती कल्पनेतली नाहीत.

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायलीच गायब झाल्या. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत ते अपडेट थांबवावं लागलं. २०१७ मध्ये ॲपलने अपडेटमधून जुन्या बॅटरीचे काही आयफोन मंद केले. त्यामागचं कारण खरं होतं: थकलेल्या बॅटरीला ताण सोसत नव्हता आणि फोन अचानक बंद पडत होते. पण वापरणाऱ्यांना हे धडपणे सांगितलंच नव्हतं. फोन जुना झाला, आता नवा घ्यायला हवा, असं कित्येकांना वाटलं असणार. डिसेंबरमध्ये कंपनीने कबुली दिली, माफी मागितली, आणि २०२० मध्ये फ्रान्सने तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, विंडोज १० कडे नेणारी एक चौकट यायची. तिच्या कोपऱ्यातली फुली दाबली की चौकट जायची, पण ठरलेलं अपग्रेड रद्द व्हायचं नाही. फुली म्हणजे ‘नको’, हे त्याच कंपनीने आपल्याला वीस वर्षं शिकवलं होतं.

सगळ्यात भयंकर उदाहरण जून २०१७ चं. युक्रेनमध्ये ‘मेडॉक’ नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर खूप वापरलं जायचं. हल्लेखोरांनी त्याचं अपडेट पुरवणारा सर्व्हरच ताब्यात घेतला आणि २७ जूनला ‘नॉटपेट्या’ बाहेर पडला. मेडॉकचं अपडेट ज्यांनी इमानेइतबारे घेतलं त्यांच्याच दारातून तो आत आला. पुढे पसरायला त्याने वॉनाक्रायचीच फट वापरली आणि चोरलेले पासवर्डही वापरले. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली, आणि तिच्या हातात असलेलं आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट, आणि काम थांबलं रायगड जिल्ह्यात. अपडेट करा म्हणणारे आणि करू नका म्हणणारे, दोघांनाही ही एकच घटना आपल्या बाजूने सांगता येईल: तो आत आला घेतलेल्या अपडेटमधून आणि पसरला न घेतलेल्या अपडेटमधून.

एका पाकिटात दोन वस्तू

माझ्या मते गोंधळाचं मूळ ‘अपडेट’ या शब्दात आहे. दोन अगदी वेगळ्या कामांना आपण हा एकच शब्द वापरतो. एक काम दुरुस्तीचं: जी फट आहे ती बुजवणं. दुसरं बदलाचं: बटणांच्या जागा हलवणं, नवं ॲप आणून ठेवणं, स्टार्ट मेनूत जाहिरातवजा शिफारशी दाखवणं. दुरुस्ती हे माझं शेजाऱ्यांना देणं आहे. बदल हे मी कोणालाच देणं लागत नाही. तो आवडला तर घेईन.

दोन्ही एकाच पाकिटात येतात याला थोडंफार रास्त कारणही आहे, ते सांगायला हवं. दहा पॅच सुटे दिले आणि कोणी कोणता घ्यायचा हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं, तर घेतलेल्या आणि न घेतलेल्या पॅचच्या १,०२४ वेगवेगळ्या जुळण्या होतात. त्या सगळ्या तपासून बघणं कोणालाच परवडत नाही. म्हणून दुरुस्त्या एकत्र बांधणं मला पटतं. पण दुरुस्तीच्या गाठोड्यात जाहिरात का, याचं उत्तर या गणितातून मिळत नाही.

तिथे नैतिक घोटाळा सुरू होतो. खालच्या काकूंच्या छताचं कारण सांगून प्लंबर आत येतो, गळती काढतो, आणि जाता जाता माझ्या टाइल बदलतो, वर भिंतीला एक हँडबिल चिकटवतो. काकूंविषयीचं माझं कर्तव्य त्याने स्वतःच्या फायद्यासाठी वापरून घेतलं. पुढच्या वेळी बेल वाजली की मी दार उघडणार नाही. आणि तेव्हा भिजणार कोण? प्लंबर नव्हे, काकू.

लोकांच्या भल्यासाठी त्यांच्या घरात न विचारता शिरणं, हा प्रश्न पुण्याला तरी नवा नाही. १८९७ ची प्लेगची साथ खरी होती, माणसं मरत होती, रुग्ण शोधून वेगळे करणं गरजेचं होतं. पण रँडच्या हाताखालच्या गोऱ्या सोजिरांनी ज्या रीतीने घरं तपासली, त्यामुळे लोक प्लेगइतकेच तपासणीला भिऊ लागले आणि रुग्ण लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. लॅपटॉपच्या अपडेटला ही तुलना फार मोठी आहे, हे मलाही कळतं. त्यातून घ्यायचं ते एवढंच: रीत चुकली की लोकांना हेतूचाही संशय येतो, आणि त्याचा फायदा रोगाला होतो. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा त्याच्या होम आवृत्तीत अपडेट नाकारायची सोयच नव्हती. पुढे २०१९ मध्ये ती काही आठवडे थांबवण्याची सोय आली. मधल्या काळात चिडलेल्या लोकांनी अपडेटची सगळी यंत्रणाच बंद करून टाकायच्या युक्त्या शोधल्या. बदल नको होता, त्यापायी दुरुस्तीही गेली. रुग्ण लपवण्याचाच हा प्रकार.

आधी दुसऱ्यांना जाऊ दे

“मी आठवडाभर थांबते, बाकीच्यांचं काय होतंय ते बघते,” असं पुष्कळ शहाणी माणसं म्हणतात. यातही तथ्य आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, लिनक्समध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने दोनेक वर्षं मदत करत करत प्रकल्पातल्या लोकांचा विश्वास मिळवला होता. त्या वेळी जे अगदी ताजी, चाचणीची आवृत्ती वापरत होते तेच धोक्यात होते. जुनी वापरणारे सुरक्षित होते.

पण तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं की लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, आणि त्याने पिच्छा सोडला नाही. तो ताजीच आवृत्ती वापरत होता. थांबणारे वाचले, कारण कोणीतरी थांबलं नव्हतं. सगळ्यांनीच आठवडाभर थांबायचं ठरवलं तर आठवड्याने कोणालाच काही जास्त कळलेलं नसेल.

म्हणून थांबण्याचाही हिशेब वेगवेगळा मांडायला हवा. बदलासाठी खुशाल थांबा. उत्साही लोक आपणहून पुढे जातात, आणि तुमच्या थांबण्याने कोणाचं छत ठिबकत नाही. दुरुस्तीसाठी थांबणं मात्र दुसऱ्याच्या खर्चाने असतं. तिथला पहिला धोका कंपनीने पत्करायचा: आधी स्वतःच्या माणसांच्या यंत्रांवर, मग थोड्या लोकांना, मग सगळ्यांना. ही पायरी गाळली की काय होतं ते १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल एकदम जगभर गेली, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं पडली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास हातात पडले.

आईचा लॅपटॉप

घरी हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण यंत्र एकाचं असतं आणि निर्णय दुसऱ्याचा. प्रत्येक घरात कोणीतरी ‘कॉम्प्युटरवाली’ किंवा ‘कॉम्प्युटरवाला’ असतो. आमच्याकडे मी आहे. अपडेटची चौकट आली की आई म्हणते, “तू बघ गं काय ते.” हे वाक्य ऐकायला संमतीसारखं वाटतं. पण वीस पानी अटी न वाचता आपण ‘मान्य’ दाबतो, तशीच ती संमती असते. त्या क्षणी कंपनीच्या जागी मी असते. आईच्या घरातली प्लंबर मी.

आई लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करते, लाइट बिल भरते, भिशीचा हिशेब ठेवते. तिला बटणांची नावं पाठ नाहीत, जागा पाठ आहेत. मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठल्या वाटीत आहे हे जसं बघावं लागत नाही, तसं. विंडोज ११ मध्ये खालच्या पट्टीतली बटणं डावीकडून मधोमध आली आहेत. मावशीकडे ते बघून आई म्हणाली, “हे मला नको.” मला ती दोन मिनिटांत सेटिंग बदलण्याची गोष्ट वाटते. तिच्या बाजूने बघितलं तर कोणीतरी तिला न विचारता डबा नव्याने लावून ठेवलेला असतो. आणि असं झालं की माणूस हळूहळू स्वतः काही करायचं सोडतो, मुलीचा फोन कधी येतो त्याची वाट बघत बसतो. स्वतःचं बिल स्वतः भरण्यातली मोकळीक लहान असेल, पण ती तिची आहे.

म्हणून आमच्याकडे दोन नियम आहेत. दुरुस्ती आपोआप होते, रात्री. ती कशासाठी हे मी तिला एका वाक्यात सांगितलंय, आणि फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असते. बदल मात्र ती हो म्हणेल तेव्हाच, आणि मी शेजारी बसायला असेन तेव्हाच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला ही सोय मोडली. विंडोज १० चा आधार त्या दिवशी संपला. आता बदल घेतल्याशिवाय दुरुस्ती मिळणार नव्हती. घरगुती वापरणाऱ्यांसाठी एका वर्षाची वाढीव मुदत होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ती आम्ही घेतली, आईला नव्या जागा तिच्या वेगाने शिकता याव्यात म्हणून. मुदत संपल्यावरही ती ‘नको’च म्हणाली तर? तर लॅपटॉप तिला हवा तसाच राहील, फोटो बघायला, हिशेब लिहायला. इंटरनेट मात्र त्यावर नसेल आणि बँकही नसेल. तिची मर्जी तिच्या घरापुरती मी शेवटपर्यंत मानेन. जिथून पाणी खाली ठिबकतं, तिथे नाही मानता येणार. जालापासून तोडलेला लॅपटॉप गळत नाही.

आणि ज्यांचं यंत्र विंडोज ११ साठी पात्रच नाही त्यांचं काय? मायक्रोसॉफ्टने ठरवलेली सुरक्षा चिप आणि प्रोसेसर नसेल, तर धडधाकट लॅपटॉपलाही नवी आवृत्ती रीतसर मिळत नाही. फोनचंही तेच. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं, पण हे महागडे फोन. फोन जितका स्वस्त तितकी त्याची दुरुस्ती सहसा लवकर थांबते. ज्याला नवा फोन परवडत नाही त्याला ‘तू बेजबाबदार आहेस’ म्हणण्याचा हक्क मला नाही. प्लंबरच यायचा बंद झाला, तर गळतीचा दोष फ्लॅटवाल्याच्या माथी मारता येत नाही. तो प्रश्न इमारत बांधणाऱ्याला विचारायचा, आणि सगळ्यांनी मिळून विचारायचा.

दोन्ही वस्तू वेगळ्या करणं अशक्य नाही. मे २०२३ मध्ये ॲपलने आयफोनवर फक्त सुरक्षेची छोटी दुरुस्ती सुटी पाठवून दाखवली. म्हणजे मागणी साधी आहे: दुरुस्तीचं बटण वेगळं द्या, बदलाचं वेगळं, आणि बदलाच्या बटणाशेजारी ‘नको’ लिहा. ते होईपर्यंत ही विभागणी आपल्याला डोक्यात करावी लागेल. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती जुनी असेल आणि नवी दुरुस्ती आलेली असेल, तर ती आज घ्या. कंपनीवर राग असेल तर तो ठेवा, तो रास्तही असेल. फक्त तो काढायचा आहे कंपनीवर. ‘उद्या आठवण करा’ दाबून तो निघतो खालच्या काकूंवर.